टिटवीचा तळ

फेब्रुवारीत कल्पनाने होडी पालथी घातली आणि मला म्हणाली, "दादा, तळ तू खरवड. माझा खांदा काही ऐकत नाही."

कल्पना माझी धाकटी बहीण. गाझियाबादला वसुंधरामध्ये आम्ही एकाच सोसायटीत राहतो. ती तिसऱ्या मजल्यावर, मी समोरच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर. ती नौदलाच्या दिल्लीतल्या कचेरीत मुलकी नोकरीत होती आणि तिथल्या लोकांमुळे तिला शिडाच्या होडीचा नाद लागला. मी एका सरकारी खात्यात ग्रंथपाल होतो. वाचन सोडलं तर मला कशाचाच नाद लागला नाही. तिच्या होडीत मी आजवर एकदाच बसलो आहे, आणि तेव्हाही दोन्ही हातांनी काठ धरून ठेवण्यापलीकडे काही केलं नाही.

होडीचं नाव टिटवी. प्लायवूडची, दोन माणसांची. हरियाणात सोहन्याच्या पलीकडे अरवलीच्या पायथ्याशी एक तळं आहे, तिथे हौशी लोकांचा छोटासा क्लब आहे. पावसाळा सोडला तर टिटवी वर्षानुवर्षं तिथेच काठावरच्या छपराखाली असायची. गेल्या वर्षी वादळात ते छप्पर पडलं, तेव्हा कल्पनाने ती टेम्पोवर घालून घरी आणली आणि पार्किंगच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली ठेवली. सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मैडम, यह पार्किंग है, बंदरगाह नहीं।"

तरी त्यांनी बरेच महिने चालवून घेतलं. आता मात्र मार्चअखेरची मुदत दिली होती. क्लबनेही नवं छप्पर बांधलं होतं, पण पूर्वीपेक्षा लहान. मार्चच्या शेवटच्या रविवारच्या शर्यतीत ज्या होड्या पाण्यात उतरतील त्यांनाच त्याखाली जागा मिळायची होती. त्यातच त्यागीजींच्या भाच्याचा मेरठ रोडवर बँक्वेट हॉल. त्याला लग्नांच्या सीझनसाठी टिटवी हवी होती. मधोमध बर्फ भरून, झालर लावून तिचा गोलगप्प्यांचा काउंटर करायचा त्याचा विचार होता. म्हणजे मार्चनंतर टिटवी एक तर तळ्यावर जाणार होती, नाही तर लग्नांत उभी राहणार होती.

"मी मेले तरी तिच्यात पुदिन्याचं पाणी ओतू देणार नाही," कल्पना म्हणाली. शर्यतीला तिच्याबरोबर नोएडाची विजया येणार होती. दोघी सत्तरीच्या अलीकडच्या. गेली तीन-चार वर्षं त्या शर्यतीत शेवटून पहिल्या येत होत्या आणि त्याचं खापर होडीच्या तळावर फोडत होत्या. रंगावर रंग चढून तळ जाड आणि खरबरीत झाला होता. सगळा रंग काढायचा, लाकूड घासून गुळगुळीत करायचं, मग प्रायमर आणि नवा रंग, असा बेत होता.

मी नेहमीप्रमाणे आधी एक पुस्तक मागवलं. होड्यांच्या निगेवरचं होतं, आणि त्यातली बहुतेक प्रकरणं समुद्रातल्या होड्यांविषयी होती. शिंपले कसे काढावेत यावर पानंच्या पानं.

"सोहन्यात शिंपले शोधतोयस का?" कल्पनाने विचारलं.

"पण लाकडाचं प्रकरण चांगलं आहे."

"वाच, वाच. मार्चमध्ये परीक्षा आहे तुझी."

जुन्या स्कूटरचे टायर खाली घालून त्यांवर टिटवी पालथी ठेवली होती. सकाळी ऊन आलं की मी मास्क लावून तिथे जायचो. हीट गनने रंग तापवायचा, तो फुगला की पत्र्याची पट्टी खाली सारून उचलायचा. चांगला तापला तर रंग लांब सालीसारखा निघतो. कमी तापला तर जागचा हलत नाही, जास्त तापला तर लाकूड काळवंडतं. पहिल्या दिवशी मी वीतभर जागा काढली आणि ती बरोबर निघाली की नाही हे पाहायला कल्पनाला तिसऱ्या मजल्यावरून खाली बोलावलं. दुसऱ्या दिवशीही बोलावलं. तिसऱ्या दिवशी ती गॅलरीतूनच ओरडली, "छान आहे!" तिथून तिला काहीही दिसत नव्हतं.

पण काम जमायला लागलं, हे मला कबूल केलं पाहिजे. एका हाताने तापवत पुढे जायचं आणि दुसऱ्या हाताने मागून उचलत यायचं, ही लय सापडली. येणारेजाणारे थांबायचे. ब्लॉकमधल्या बायका विचारायच्या, "अंकल, गंगाजी जाओगे क्या इसमें?" एरवी मी अशा वेळी घरात पळालो असतो. पण तोंडावर मास्क होता आणि हातात तापलेली हीट गन होती, त्यामुळे मी उत्तर द्यावं अशी कुणाची अपेक्षा नसायची.

अर्ध्याहून जास्त तळ उघडा झाला तेव्हा मी मधल्या फटीजवळ पोहोचलो. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळाच्या मधून एक फळी खाली सोडतात, तिची ती फट. फटीच्या डाव्या अंगाला रंग फार सहज निघाला. तापवायच्या आधीच पट्टीखाली सुटून आला. मला आनंद झाला, आणि लगेच भीती वाटली. पुस्तकात लिहिलं होतं की रंग जिथे आपणहून सुटतो तिथे लाकूड ठोकून पाहावं.

मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिलं. पुढच्या भागात खणखणीत आवाज यायचा. इथे भिजक्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आला. पुन्हा ठोकलं. या वेळी तो मला ठीक वाटला. आणखी ठोकलं, तर कुठला आवाज चांगला आणि कुठला वाईट हेच कळेना. नखाने दाबलं तर किंचित खळी पडल्यासारखी वाटली. पण माझी नखं वाढलेली होती आणि चष्मा धुळीने भरला होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी कल्पनाला म्हणालो, "मला वाटतं, फटीजवळ आवाज जरा वेगळा येतोय. अर्थात माझं चुकतही असेल."

ती हसली. "दादा, तुला आयुष्यात कधी कुठला आवाज बरोबर आलाय? मागच्या थंडीत गॅस गळतोय म्हणून तू सगळा ब्लॉक खाली उतरवलास. काय निघालं?"

"मुळा."

"अरोड़ांच्या डब्यातली मुळ्याची भाजी. आणि मला नवी दिल्ली स्टेशनवरून परत बोलावलं होतंस, तिकिटावर तारीख चुकली म्हणून."

"तेव्हा मी कॅलेंडर मागच्या महिन्याचं बघितलं होतं."

"तेच म्हणते."

तरी ती खाली आली. चार ठिकाणी ठोकून म्हणाली, "मागे इथे चीर बुजवायला लांबी भरली होती, तिचा आवाज असेल. प्रायमर लागलं की होईल सगळं एकसारखं. चल, उशीर करू नको यार, विजया रोज फोन करतेय."

मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणालो होतो. पुन्हा म्हणायचं तर नवं कारण हवं होतं, आणि माझ्याकडे तोच आवाज होता. पुढचे काही दिवस मी बाकीचा तळ काढला आणि पॉलिश पेपरने घासला. लाकूड इतकं सुरेख दिसायला लागलं की त्यागीजीसुद्धा हात फिरवून गेले. म्हणाले, "भांजा तो कहता है ऐसे ही दे दो, पेंट भी मत करो। रस्टिक लुक आएगा।" मी फटीपाशी आलो की हात हलका करायचो. तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा थोडं काळपट होतं. ते हीट गनने काळवंडलं असेल असं मी स्वतःला सांगत होतो, आणि तिथे हीट गन लावावीच लागली नव्हती हेही मला आठवत होतं.

फटीच्या नेमक्या त्याच बाजूला, आतून, विजया पाय रोवून बसते. वारा भरला की ती शरीर मागे बाहेर टाकते आणि तिचा सगळा भार त्या जागेवर येतो. हे मला कल्पनानेच पूर्वी कधी तरी समजावून सांगितलं होतं. आता ते मनातून जाईना. दोघींच्या अंगात लाइफ जॅकेट असतं. तळं फार खोल नाही. मदतीला दुसऱ्या होड्या असतात. हे सगळं मी मनाशी मोजून पाहिलं, तरी विजयाचे पाय तिथेच राहिले.

रविवारी जेवणं झाल्यावर कल्पना प्रायमरचा डबा घेऊन येणार होती. मी तिच्या आधी खाली गेलो. पुन्हा ठोकलं, पुन्हा दाबलं, पुन्हा खात्री झाली नाही. पुस्तकातली शेवटची चाचणी तेवढी राहिली होती. टोकदार हत्यार लाकडात दाबावं. चांगलं लाकूड असेल तर टोक वरच थांबतं. पण थांबलं तरी ओरखडा राहतो. आणि मी घाबरत घाबरत, तिरपं, जास्त जोराने दाबलं तर चांगल्या प्लायलाही इजा होऊ शकते. मग शर्यतीच्या तोंडावर मी विनाकारण तिच्या होडीत खोच पाडली असं होईल.

मी स्क्रू ड्रायव्हर सरळ धरला आणि दाबला.

तो थांबला नाही. पावात जावा तसा मुठीपर्यंत गेला, आणि आतल्या बाजूला टोक बाहेर पडल्याचं मला हाताला कळलं. मी तो ओढून काढला. दाबलेल्या लाकडातून तपकिरी पाणी भोकाच्या काठावर आलं आणि घासलेल्या लाकडावरून खाली टायरवर उतरलं.

"अंकलजी, यह क्या कर दिया!" मागे त्यागीजी उभे होते. "छेद ही कर दिया!"

मी काही बोलायच्या आत कल्पना आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्रश, डोक्याला जुनी ओढणी बांधलेली. तिने भोक पाहिलं, माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पाहिला.

"तू पाडलंस?"

"हो."

"मुद्दाम?"

"हो. ते सडलंय, कल्पना."

"सडलं असेल तर सांगायचं ना मला!"

"सांगितलं होतं."

"तू ‘मला वाटतं’ म्हणालास! तुला रोज काही ना काही वाटतं, दादा! त्यावर मी किती वेळा धावत यायचं?" तिचा आवाज चढला होता, आणि दोन बाल्कन्यांमधून लोक बघत होते. "तीन आठवडे राहिलेत. तीन आठवडे! आता हे कोण भरणार? पुस्तक भरणार?"

तिने डबा तिथेच ठेवला आणि निघून गेली. त्यागीजी माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "वैसे अंकलजी, गोलगप्पे को क्या फ़र्क़ पड़ता है नीचे छेद है कि नहीं।"

त्या संध्याकाळी तिने चहाला हाक मारली नाही. मी घरी बसून पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. माझी शंका खरी निघाली म्हणून बरं वाटणं हे तिच्या होडीच्या बाबतीत हलकटपणाचंच होतं, पण ते जाईना.

सकाळी पार्किंगमधून ठकठक ऐकू आली. जाऊन पाहिलं तर कल्पना दुखऱ्या खांद्याने पटाशी चालवत होती. भोकाच्या कडेने सडकं लाकूड काढत काढत ती चांगल्या लाकडाच्या शोधात निघाली होती. ओला भुगा तिच्या मांडीवर पडत होता.

"धर इकडे," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. मी पटाशी घेतली. ती बोटाने दाखवायची, मी कापायचो. थाळीएवढं भोक झालं तेव्हा कुठे कडेला कोरडं, पिवळसर प्लाय लागलं. खालची फरशी आता टिटवीतून आरपार दिसत होती.

"माझ्या पायाखाली हे होतं तर," ती म्हणाली. "विजयाच्या."

मग म्हणाली, "पण आलं कुठून पाणी? इतके रंग होते वर. आत वॉर्निश. मी तर दर वर्षी न चुकता रंगवत होते तिला."

निघालेल्या रंगाच्या साली मी एका पोत्यात भरून ठेवल्या होत्या. त्यातली जाड साल काढून मी तिची कड भिंगाखाली धरली. पांढरा, निळा, पांढरा, पुन्हा निळा, एक लाल. थरावर थर. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे काळी बुरशीची रेघ होती.

"तू कधी रंगवायचीस?" मी विचारलं.

"कधी म्हणजे? खंडेनवमीच्या आधी. तुला माहितीये की."

माहीत होतं. आमचे वडील मिरजेला छापखान्यात होते. खंडेनवमीच्या आधी तिथलं यंत्र घासूनपुसून, रंगाचा हात देऊन ठेवत आणि मग त्याची पूजा होई. शाईचा डागही दिसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीत आल्यावर कल्पनाकडे पूजायला यंत्र नव्हतं, होडी होती. पावसाळाभर तळं भरलेलं असायचं आणि टिटवी पाण्यात. नवरात्र बसलं की कल्पना तिला बाहेर काढायची, फडक्याने पुसायची आणि एकदोन दिवसांत आतून-बाहेरून रंगवून नवमीला झेंडू वाहायची. दसऱ्याला इथे आपटा मिळत नाही म्हणून कचनारची पानं आणायची. मी दर वर्षी प्रसादाला हजर असायचो. रंग ओला असायचा, त्यामुळे लांबूनच नमस्कार करायचो.

"लाकूड ओलंच असणार तेव्हा," मी म्हणालो. "वरून रंग बसला की आतलं पाणी आतच. पुढच्या वर्षी आणखी थोडं."

तिने ती साल माझ्याकडून घेतली आणि तिच्या कडेवरून नख फिरवलं.

"बाबांच्या यंत्राला काही झालं नाही ते."

"ते लोखंड होतं. तिथे पाणी वरच राहतं, पुसलं की गेलं."

"म्हणजे मीच केलं हे. इतकी वर्षं. लाड करकरून."

"प्रसाद मीही खाल्ला," असं काहीसं मी म्हणालो. ते फारसं उपयोगी नव्हतं, पण तिने नाकाने हसल्यासारखा आवाज केला.

मग आम्ही कामाचं बोललो. तुकडा घालून भोक भरता येणार होतं. ते काम आठवड्याचंही नव्हतं. पण उरलेलं लाकूड दिसायला कोरडं असलं तरी आत ओल होतीच. आता तुकडा घालून रंग दिला तर जे झालं तेच पुन्हा शेजारी झालं असतं. पुस्तकात स्पष्ट होतं, आणि या वेळी मला पुस्तकाचीही गरज नव्हती. लाकूड दोन्ही बाजूंनी उघडं, सावलीत, वाऱ्यावर ठेवायला हवं. इथला एप्रिल-मेचा तापलेला वारा, लू, त्यासाठी उत्तम. म्हणजे पावसाळ्याच्या आधीपर्यंत तरी रंग नाही, पाणी नाही.

"शर्यत गेली," कल्पना म्हणाली.

"हो."

"म्हणजे क्लबची जागाही गेली. आणि हे मार्चअखेर उचलायला सांगतायत." ती टायरच्या कडेवर बसली. "क्लबमधल्या शेरेकरांची होडी काठावर उघड्यावर पडलीये, दोन वर्षांत तिचं काय झालं बघितलंय मी. त्यापेक्षा त्यागीजींना देऊन टाकू? निदान कुणी तरी पुसेल रोज. खरंच, दादा. मी कंटाळले."

ती पहिल्यांदाच असं म्हणाली होती. सांत्वन करून घ्यायला म्हणत नव्हती. ती हिशेब करत होती, आणि हिशेब तिकडेच चालला होता. तिच्या शेजारी मी पटाशी पुसत उभा होतो. माझी पुढची खोली लांबट आहे. पूर्वेला व्हरांड्याचं दार, पश्चिमेला मोठी खिडकी, आणि उन्हाळ्यात त्यांच्यामधून असा वारा जातो की मी ती दोन्ही कायम बंद ठेवतो, पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून.

"माझ्याकडे ठेवू," मी म्हणालो.

"कुठे?"

"पुढच्या खोलीत."

"तुझ्याकडे चहाचा कप ठेवायला जागा नसते. मी येते तेव्हा मांडीवर कोश घेऊन बसते."

"पुस्तकं आतल्या खोलीत नेऊ. दिवाण उभा करू. व्हरांड्याच्या दारातून ती एका कुशीवर सरळ आत जाईल. मी मोजलंय."

"कधी मोजलंस?"

"काल रात्री."

"आणि नाही मावली तर?"

"मावेल," मी म्हणालो.

मावली नाही. दाराची चौकट दोन बोटं कमी पडली, कारण मी मोजताना पडद्याचा दांडा धरला नव्हता. सोसायटीचे दोन गार्ड, अरोड़ा आणि विजया अशी सगळी मंडळी टिटवी कुशीवर तोलून व्हरांड्यात उभी होती आणि कल्पना आतून ओरडत होती, "पडदा काढ, दादा! पडदा!" विजया शर्यत गेली म्हणून चिडून आली होती. पण भोकात हात घालून पाहिल्यावर ती फक्त "बापरे" म्हणाली आणि मग सगळ्यात जोर तिनेच लावला. दांडा काढला, दाराचं एक पान बिजागरीतून उतरवलं, तेव्हा टिटवी आत गेली. दोन स्टुलांवर पालथी ठेवली तर तिचं टोक स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकलं.

त्यागीजी दारात येऊन बघून गेले. फ्लॅटच्या आत होडी ठेवू नये असा सोसायटीचा नियम नव्हता. "भांजे को क्या बोलूँ?" त्यांनी विचारलं.

"बोलिए, बीमार है," कल्पना म्हणाली. "अस्पताल में भर्ती है।"

क्लबने आमची जागा दुसऱ्या कुणाला दिली. शर्यतीच्या रविवारी कल्पना तळ्यावर गेली नाही. सकाळपासून माझ्याकडे पालथ्या टिटवीखाली बसून ती आतल्या बाजूचं वॉर्निश खरवडत होती, आणि मी शेजारी आडवा होऊन विजेरी धरत होतो. पावसाळ्यानंतर ती पाण्यात जाईल का, गेली तर ठेवणार कुठे, हे दोघांनाही माहीत नाही. सडलेला भाग आणखी कुठे आहे का हेही पूर्ण कळलेलं नाही. ठोकून पाहायचं काम आता माझ्याकडे आहे, आणि मी ‘इथे’ म्हटलं की ती तिथे खडूने फुली मारते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लू सुरू झाली. तापलेली, कोरडी, राजस्थानची माती घेऊन येणारी. मी व्हरांड्याचं दार आणि खिडकी सताड उघडली. आतल्या खोलीत जाऊन रचलेल्या पुस्तकांवर जुन्या चादरी टाकल्या, त्या उडू नयेत म्हणून कडेला कोश ठेवले, आणि टिटवी तशीच उघडी ठेवून खिडकीशी बसलो.